पुण्याला शीव नाही

सोयाबीनला शेंगा धरल्या आहेत, कपाशी कमरेला लागली आहे आणि बांधावरचं गवत इतकं माजलं आहे की चालताना आपलाच पाय आपल्याला दिसत नाही. या दिवसांना नयनरम्य वगैरे म्हणायची पद्धत आहे. म्हणणारे बहुतेक चारचाकीच्या काचेआडून म्हणतात. जे या गवतातून चालतात, ते खाली बघून चालतात.

मारेगावच्या जवळ आमचं गाव. श्रावण सरता सरता आमच्याकडे भीतीचा हंगाम भरात येतो. गवतात साप असतो, आभाळात वीज असते, नाल्याच्या पुलावरून पाणी जात असतं. फवारणीचे दिवस असतात. आमच्या समूचे बाबा तोंडाला दुपट्टा बांधून, पाठीवर पंप घेऊन सकाळीच निघतात. ते परत येऊन, आंघोळ करून, ताटावर बसून भाजीत मीठ कमी असल्याची तक्रार करेपर्यंत माझा जीव थाऱ्यावर नसतो. ती तक्रार ऐकली की मी सुटते. मीठ मुद्दाम कमी घालते असंही कधी कधी वाटतं. शिवाय वाघ आहेच. एकच वाघ एकाच संध्याकाळी चार गावांत दिसतो आणि चारही गावांत तो पहिल्यापेक्षा मोठा असतो.

पण या भीतींना मी चेहऱ्याने ओळखते. त्या दरवर्षीच्या आहेत, पाहुण्यांसारख्या. कधी येतात, किती राहतात, काय घेऊन जातात, हे माहीत असतं. काठी आपटत चालावं, झाडाखाली उभं राहू नये, वाऱ्याकडे तोंड करून फवारू नये. ज्या भीतीला उपाय सांगता येतो, तिच्यासोबत संसार करता येतो. मागच्या वर्षी याच दिवसांत घरात एक वेगळी भीती आली. तिला तोंड नव्हतं, वेळ नव्हती, आणि काठी आपटून ती बाजूला होत नव्हती. ती पुण्याहून फोनवर येत असे.

समू म्हणजे समीक्षा, आमची एकुलती एक मुलगी. नाव मी ठेवलं. मी कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवते, त्यामुळे नाव भारदस्त पाहिजे असं तेव्हा वाटलं होतं. बोलायला लागल्यापासून ती आमची समीक्षाच करते आहे, तेव्हा तक्रारीला जागा नाही. बारावी झाल्यावर तिने एका दुपारी जाहीर केलं की ती फ्रेंच शिकणार, पुण्याला जाऊन.

समूचे बाबा तेव्हा तण काढायच्या डवऱ्याची दोरी वळत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“फ्रेंच शिकून काय करशीन?”

“बोलीन.”

“कोणासंग?”

“फ्रेंच लोकायसंग.”

“ते येऊन राह्यले काय मारेगावले?”

“नाही ना बाबा. म्हणून तं मले जा लागते.”

दोरी त्या दिवशी नको इतकी घट्ट वळली गेली.

हे खूळ तिला कुठून लागलं हे मला माहीत होतं. दोन वर्षं ती कानात ती बोंडं घालून मोबाइलवर धडे ऐकत होती. शेतात डबा घेऊन गेली की येता-जाता ओठ हलवत असायची. निंदणाच्या बाया म्हणायच्या, “बाई, तुमची पोट्टी कोणासंग बोलून राह्यली वं? एखाद्या देवरुषिणीले दाखवा.” मला गंमत वाटायची. शिवाय मी काही फ्रेंच कादंबऱ्या मराठीतून वाचलेल्या आहेत. त्या देशातल्या बायकांबद्दल माझं सगळं ज्ञान त्यांच्यातून आलेलं. त्यांच्यात बायका खिडकीशी उभ्या राहतात, लांबलचक पत्रं लिहितात आणि शेवटी विष घेतात. समूने पुण्याचं नाव काढलं तेव्हा मला अचानक त्या सगळ्या बायका आठवल्या, आणि एरवी ज्यांच्या दुःखावर मी वर्गात सुंदर बोलते, त्यांचा फार राग आला.

प्रवेश मिळाला. इथवर गोष्ट घरातली होती. मग ती गावाची झाली.

आमच्याकडे दोन गोष्टींना वेळ लागत नाही, तणाला आणि सत्काराला. चौकात फ्लेक्स लागला. त्यावर वर सात-आठ पुढारी, मधे आयफेल टॉवर आणि खाली कोपऱ्यात समूचा आधार कार्डावरचा फोटो. ‘फ्रान्स गाजवण्यास सज्ज झालेल्या भूमिकन्येस’ शुभेच्छा होत्या. पोरगी पुण्याला बी. ए. च्या पहिल्या वर्षाला निघाली होती. समाजमंदिरात शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ झाला. प्रमुख पाहुण्यांनी फ्रान्सचा उल्लेख सुरुवातीला एकदा केला आणि उरलेला वेळ रस्त्याच्या कामाला दिला. समू खुर्चीच्या टोकावर बसली होती, शालीत हात लपवून.

घरी येताना तिचे बाबा हळूच म्हणाले, “हे लोकायनं बरं नाही केलं.”

“का?”

“फ्लेक्स लागला. आता पोट्टीले वापस याची सोय नाही राह्यली.”

मी हसले. पण रात्रीपर्यंत ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. एखादी मुलगी शिकायला जाते आणि तिला नाही जमत, ती परत येते. यात खरं तर काय आहे? बियाणं उगवलं नाही तर आपण दुबार पेरतो. पण चौकात फोटो लागलेल्या मुलीला दुबार पेरणी नसते.

वणीहून ट्रॅव्हल्सने गेलो, आम्ही मायलेकी. बाबा आले नाहीत. शेतात काम आहे म्हणाले. ते खरंही होतं, फक्त तेवढंच खरं नव्हतं.

खोली आधी फोनवर ठरली होती. जुन्या इमारतीतलं तिसऱ्या मजल्यावरचं घर, मालकीण वसुधाकाकू, एकट्याच राहणाऱ्या. त्यांचे यजमान व्याख्याते होते, वारले. अंधश्रद्धेवर बोलायला ते महाराष्ट्रभर फिरले होते आणि जिथे गेले तिथून एकेक सन्मानचिन्ह घेऊन आले होते. दिवाणखान्यात मावली नाहीत म्हणून ती त्यांच्या अभ्यासिकेत लावली होती. ती अभ्यासिका आता समूची खोली. तीन भिंतींवर पितळ, काच आणि सोनेरी अक्षरं, चौथ्या भिंतीशी पलंग. एवढ्या सन्मानाखाली पोरीला झोप कशी लागेल, असं माझ्या मनात आलं.

काकूंनी चहा दिला. चांगला होता, कप लहान होता.

“तुम्ही नेमक्या कुठल्या म्हणालात?”

“यवतमाळ जिल्ह्यातल्या. वणीच्या जवळ.”

“वणी म्हणजे नाशिककडची? देवीची?”

“नाही. आमची कोळशाची.”

“अच्छा,” काकू म्हणाल्या. देवीकडून कोळशाकडे येताना त्यांचा चेहरा जरा उतरला. मग सावरून म्हणाल्या, “हे बघा, आमच्याकडे सोवळंओवळं, उपासतापास, व्रतवैकल्यं काही नाही. हे होते तेव्हापासून घर पूर्ण विवेकवादी आहे. चपला बाहेर, मोठ्याने बोलणं नाही, आणि दार ओढून घेताना आवाज नको. बाकी ती मोकळी.”

“मोकळी” हा शब्द ऐकून समूने माझ्याकडे बघितलं. आमच्या घरात सगळेच मोठ्याने बोलतात. शेतातल्या माणसाला अंगणातून हाक मारायची असते, आवाज लहान ठेवून चालत नाही.

दोन दिवस मी राहिले. पलंगाखालची धूळ काढली, मिठाचा, तिखटाचा, जवसाच्या चटणीचा डबा लावून दिला, रस्ता ओलांडायचा सराव केला. एकोणीस वर्षांच्या मुलीचा हात धरून मी तो रस्ता चार वेळा ओलांडला आणि चारही वेळा तीच मला ओढून घेऊन गेली, तरी मी मनात म्हणत होते की मी नसताना हिचं कसं होईल. निघताना ती फाटकापर्यंत आली. मी रडणार नाही असं ठरवलं होतं, तिनेही ठरवलेलं दिसत होतं. रिक्षा सुरू झाली तेव्हा ती वाकून म्हणाली, “आई, गॅलरीच्या दाराची कडी नीट बसत नाही वं.”

एवढंच. ती कडी मी मारेगावपर्यंत सोबत आणली. वर्गात व्याकरण शिकवताना ती कडी खालून वर सरकायची आणि अर्ध्यावर अडकायची. तिसऱ्या मजल्यावर गॅलरीतून कोण येणार, असं कोणीही समजूतदार माणूस म्हणेल. मीही म्हणायचे. समजूतदारपणाचा आणि भीतीचा वेळापत्रकात तास वेगवेगळा असतो.

मग फोन. दुपारी दोन आणि संध्याकाळी सात-साडेसातच्या सुमारास. सुरुवातीला समूचा आवाज उंच होता, पाहुण्यांकडे गेल्यावर असतो तसा. हळूहळू तो बारीक होत गेला. “जेवलीस का?” “हो.” या “हो”चे किती प्रकार असतात, यावर मी एखादा निबंध लिहू शकेन. जेवलेलं “हो” भरलेलं असतं, त्याच्यामागे भाजीचं नाव येतं. न जेवलेलं “हो” लगेच येतं आणि त्याच्यामागे काही नसतं. त्या महिन्यात दुसरंच जास्त यायचं.

एकदा बाबांनी फोन घेतला. माझ्याशी ती जपून बोलते, त्यांच्याशी नाही.

“काय झालं वं पोट्टे? आवाज काहून असा?”

“काही नाही बाबा.”

“सांग नं.”

मग तिने सांगितलं. वर्गात पहिल्या दिवशी ओळख करून द्यायची होती. ती उठली आणि घाईत बोलून गेली, मले फ्रेंच आवडते. वर्ग हसला. “वाईट नाहीत बाबा पोरी, नुसत्या हासल्या,” ती म्हणाली. नंतर त्या मैत्रिणीसारख्या बोलल्याही, एकीने तर ‘अजून एकदा म्हण ना, किती गोड’ असं म्हटलं. पण तेव्हापासून हिचं तोंड मिटलं ते मिटलंच. मराठीत नाही, हिंदीत नाही, फ्रेंचमध्ये तर नाहीच. काकूंच्या घरात मोठ्याने बोलायचं नाही, वर्गात बोलायचं धाडस नाही. दिवसभरात ती फक्त आमच्याशी बोलत होती, तेही दार लावून, पांघरूण डोक्यावर घेऊन. शिकवणाऱ्या बाईंनी बाजूला घेऊन सांगितलं होतं की पोळ्यानंतर तोंडी परीक्षा आहे, आणि गप्प बसून ही भाषा येत नाही; तोवर तोंड उघडलं नाहीस तर विषय बदलण्याचा विचार कर.

“बाबा, मले ना इथं दिवसाही भेव लागते,” ती म्हणाली.

भेव. माझ्या पाठ्यपुस्तकात हा शब्द ‘भय’ असतो, आणि भय तसं सुसह्य असतं. त्याचा वाक्यात उपयोग करता येतो. भेव अंगाला चिकटतं. समूच्या बाबांनी फोन ठेवला, अंगणात जाऊन बैलांच्या पाठीवरून उगाच हात फिरवला आणि आत येऊन म्हणाले, “पोळ्यालोक वाट पाहू. नाही जमलं तं घेऊन येतो मी तिले. फ्लेक्स गेला उडत.”

त्या शब्दांनी मला धीर यायला हवा होता. पण माझी भीती दुतोंडी होती. तिथे ती एकटी, जेवत नाही, बोलत नाही, कडी लागत नाही, ही एक. आणि आणली, आली, बसली, तर? ओठ हलवत शेतातून चालणारी ती मुलगी परत येणार नाही, तिच्याऐवजी एक मिटलेली मुलगी येईल आणि आयुष्यभर आपल्या घरात आवाज न करता दार ओढून घेईल, ही दुसरी. पहिली भीती मी सगळ्यांना सांगत होते. दुसरी कोणालाच नाही.

पोळा आला. समूला सुट्टी नव्हती. आदल्या संध्याकाळी बैलांचे खांदे हळद-लोण्याने शेकले, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या, असं त्यांच्या कानात सांगून झालं. बाबांनी व्हिडिओ कॉल लावून बैलांना झूल घातलेली दाखवली. समूने बघितलं. “शिंगायले या वर्षी हिरवा दिला काय?” एवढंच बोलली. मागे भिंतीवरची सन्मानचिन्हं चमकत होती.

आमच्याकडे पोळ्याला आणखी एक करतात. पळसाच्या फांद्या आणून दाराच्या दोन्ही बाजूंना उभ्या करायच्या. त्यांना मेढे म्हणतात. घरातली रोगराई, खोकला-पडसं, माश्या, मोंगसे म्हणजे डास, जे जे नको ते रातभर त्या फांद्यांवर येऊन बसतं अशी समजूत. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या उपटायच्या आणि ‘घेऊन जा गे मारबत’ असं, इडापिडा नेणाऱ्या मारबतीला, ओरडत गावाच्या शिवेबाहेर नेऊन टाकायच्या. मागे वळून बघायचं नाही. वर्गात मी याला लोकपरंपरा म्हणते. घरी फांद्या मीच आणते.

संध्याकाळी बैल तोरणाखालून परत आले, त्यांना ओवाळून पुरणपोळी दिली, आम्ही ताटावर बसलो, आणि फोन वाजला. वसुधाकाकू. त्यांचा आवाज इतका बदललेला होता की मी आधी ओळखलाच नाही.

“तुमच्या मुलीने माझ्या दारात काय ठेवलंय?”

“काय ठेवलंय?”

“झाडाच्या फांद्या! दोन्ही बाजूंना, तोडून आणलेल्या, पानं लोंबताहेत. आज काय आहे माहितीये ना? अमावस्या! शेजारचे बघून गेले. मी असलं काही मानत नाही, हे तर आयुष्यभर याच्यावर बोलले, पण...”

त्या “पण”मध्ये तीन भिंतींवरची सगळी सन्मानचिन्हं एकदम खाली आली.

“तिला विचारलं तर काही बोलत नाही. नुसती उभी आहे. कुणी सांगितलंय तिला माझ्या दारावर हे करायला? मला घरात अशी मुलगी नको. उद्या सकाळी खोली रिकामी करा.”

मला कळलं होतं. कॉलेजच्या मागच्या टेकडीवर पळस आहे, असं समू एकदा बोलली होती. जे घरी होतं ते तिने तिथे केलं होतं, कोणाला न विचारता, कारण विचारायला तोंड उघडावं लागलं असतं. काकूंचा चढलेला आवाज ऐकून माझ्यासमोर समूचे बाबा ताटावरून उठले होते. हात न धुताच त्यांनी खुंटीवरची पिशवी काढली. “चाल, आणू,” ते म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जी सुटका होती ती बघून मला धडकी भरली. आता माझ्या एका शब्दावर पोरगी परत येणार होती.

“काकू,” मी म्हटलं, “त्या फांद्या घरात काही आणायला नसतात. घालवायला असतात.”

आणि मी सांगत सुटले. माझ्या विद्यार्थ्यांना जे संथ सांगते ते धापा टाकत सांगितलं: पळस, रोगराई, मारबत, शीव. काकूंनी विचारलं, “म्हणजे तिला काय घालवायचंय माझ्या घरातून?”

“भीती.”

“कसली भीती? इथे काय आहे भिण्यासारखं?”

खोटं बोलायची ती वेळ नव्हती. “थोडी तुमचीच,” मी म्हटलं.

मला वाटलं, झालं. समूचे बाबा पिशवी धरून उभे.

“माझी?” काकू म्हणाल्या. आणि मग अगदी वेगळ्या, बारीक आवाजात, “मी तर तिला घाबरते हो. ती घरात आहे की नाही तेच कळत नाही. इतकी हळू चालते.”

पलीकडे दार उघडल्याचा आवाज आला.

“मग त्या फांद्या रात्रभर दारातच ठेवायच्या?”

“हो. सकाळी गावाबाहेर टाकायच्या.”

“नीट टाकायला हव्यात ना पण? अर्धवट टाकलं तर...” विवेकवादी घराच्या मालकीणबाई म्हणाल्या. “मी जाते तिच्याबरोबर.”

पुढचं समूने सांगितलं, दुसऱ्या दिवशी. फोनवर तिचा घसा बसलेला होता.

सकाळी दोघी खाली आल्या, फांद्या साडीच्या जुन्या धडप्यात गुंडाळलेल्या. रिक्षावाल्याने विचारलं, कुठे? काकू म्हणाल्या, शहराच्या हद्दीबाहेर. तो म्हणाला, “हद्द कुठली, महापालिकेची की पोलिसांची?” काकूंना त्यांच्या लग्नाच्या वेळची हद्द माहीत होती; एक नाका होता, पलीकडे ज्वारी होती. तिथे गेले तर तिथे कपड्यांचं चार मजली दुकान. पुढे गेले. पुढे इमारती, त्यांच्यापुढे अर्धवट इमारती, त्यांच्यापुढे इमारतींचे फलक. रिक्षावाला दर चौकात विचारायचा, “झाली का हद्द?” समू म्हणाली, “आई, पुण्याले शीवच नाही वं. संपतच नाही ते.” आपल्याकडे कडुलिंब आला की गाव संपतं आणि माणूस सुटतो. ज्या गावाला शीव नाही, त्या गावातली माणसं आपली भीती टाकतात कुठे? मला वाटतं, टाकत नाहीत. भिंतीला लावतात.

शेवटी एका पुलापलीकडे गवताचा एक मोकळा तुकडा लागला. रिक्षावालाच वैतागून म्हणाला, “हीच धरा ताई हद्द.” समूने फांद्या टाकल्या.

“आता ओरडायचं ना?” काकूंनी विचारलं.

समूने येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे बघितलं.

“अगं, तुझी आई म्हणाली ओरडायचं असतं. ओरड. नाहीतर उपयोग काय?”

आणि त्या बाईने, जिच्या घरात मोठ्याने बोलायचं नाही, माझ्या लेकीला भर रस्त्यात ओरडायला लावलं. समू ओरडली. आधी कसंबसं, मग शेतातून हाक मारावी तसं, खोकला, पडसं, माश्या, मोंगसे, भेव, हासणं, सगळं घेऊन जा गे मारबत. येणारे-जाणारे थांबले. कोणी हसलंही असेल. ओरडताना ते ऐकू येत नाही, असं ती म्हणाली. मग काकू पुढे आल्या. त्यांनी आधी गुडघेदुखी म्हटली. नंतर जरा थांबून, जवळ उभ्या समूलाच ऐकू जाईल इतक्या हळू, म्हणाल्या, “आणि संध्याकाळ. संध्याकाळ घेऊन जा.”

तोंडी परीक्षेत समू बोलली. किती बरोबर बोलली ते मला विचारू नका, मला ती भाषा येत नाही. पण एक वाक्य ती मला बोलली ते लक्षात आहे. “मराठीत मी मारेगावची आहे आई. फ्रेंचमधी कोणीच मारेगावचं नाही, पुण्याचं नाही. सगळेच अडखळते.” पोळ्याच्या रात्री भरलेली पिशवी समूच्या बाबांनी परत खुंटीला लावली होती. ती दोन दिवस तशीच भरलेली होती. आत त्यांचा एक सदरा आणि तिच्यासाठी पुरणपोळ्या.

भीती मिटली असं मात्र नाही. तिने फक्त तोंड फिरवलं. आता समूचं “हो” भरलेलं येतं, त्याच्यामागे भाजी येते, काकूंचे किस्से येतात, आणि फोन लवकर संपतो. या आठवड्यात तिने सांगितलं की पुढच्या वर्षी काही महिने फ्रान्समध्ये राहून शिकायची संधी आहे, एका खेड्यात, एका शेतकरी कुटुंबाच्या घरी.

बाबांनी विचारलं, “तिकडं साप राह्यते काय?”

“फारसे नाही बाबा.”

“वाघ?”

“नाही.”

“मंग भ्याचं कायले,” ते म्हणाले. पण फोन माझ्या हातात देऊन ते तिथेच उभे राहिले. साप नाही, वाघ नाही. मग त्या गावात कशावर लक्ष ठेवून चालायचं हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

कालच पोळा झाला. आज सकाळी आम्ही दोघं फांद्या घेऊन शिवेवर गेलो. आमच्या पुढे-मागे सगळं गाव ओरडत होतं. समूचे बाबाही जोरात, खोकला, ताप, कपाशीवरची अळी, सगळ्यांची नावं घेत. मी ओरडले नाही, नुसती चालत होते. कडुलिंबापाशी फांद्या टाकल्या. मागे न बघता वळलो, आणि थोडं चालल्यावर ते म्हणाले, “तू काही बोलली नाहीस वं.”

“नाही.”

“पोट्टीचं भेव तं टाकाचं होतं.”

“नाही टाकलं,” मी म्हटलं. “ते गेलं तर घरात तिचं काय राहील? तुम्ही टाकलं?”

ते सवयीने खाली गवतात बघत चालत होते.

“मले वाटलं तू टाकून देशीन,” ते म्हणाले. “म्हणून म्या ठेवून घेतलं. घरात एकाजवळ तं पाह्यजे.”